जुन्या दुनळीची कसोटी

'जुने ते सोने' ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की, सोनेसुद्धा कसोटीच्या दगडावर घासल्यावाचून कोणी विकत घेत नाही, या साध्या गोष्टीचा तिच्या भक्तांना विसर पडतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या जुन्या संस्थानी शहरांत, बेळगावकडील देसायांच्या वाड्यांत आणि गोमंतकातील काही जुन्या घरांत आजही कोठे कोठे विलायती दुनळी बंदूक आढळते. घरातील कर्ता पुरुष जातो, मुले दूरदेशी असतात, परवान्याच्या नूतनीकरणाचे हेलपाटे कोणासच नको असतात, आणि मग ती बंदूक विक्रीस निघते. घेणाराही बहुधा सुशिक्षित असतो. तो काय पाहतो? नळीवरचे नाव वाचतो, पोलादावरची वेलबुट्टी बोटाने चाचपतो, दस्त्याच्या अक्रोडी लाकडाची झाक वाखाणतो, अमुक महाराजांच्या शिकारखान्यातून ती आली ही कथा भक्तिभावाने ऐकतो आणि मोठी रक्कम मोजून मोकळा होतो. नळीच्या आत डोकावून पाहावे असे त्याच्या मनातही येत नाही. या रीतीला रसिकता असे नाव आहे. माझ्या मते ती निव्वळ अंधश्रद्धा आहे. आणि जिच्यापायी हात किंवा डोळा गमावण्याची पाळी येऊ शकते, तिला निरुपद्रवी अंधश्रद्धाही म्हणता येत नाही.

हा बाजार असा का झाला, हे आधी पाहू. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून परदेशी बंदुकांची आयात सामान्य नागरिकाला जवळजवळ बंद आहे. त्यामुळे इंग्रजी अमदानीत जो माल या देशात आला, तोच हातोहात फिरत राहिला आहे. 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्यांचा जुना थाट ओसरला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. म्हणजे वस्तू दुर्मिळ, तिचा उपयोग थोडा, आणि तिचे जाणकार त्याहून थोडे. अशा बाजारात वस्तूपेक्षा तिची कथाच अधिक विकली जाते. कथा सांगणाऱ्याला दोष देण्याआधी ती ऐकणाऱ्याने आपले कान तपासावेत.

पहिली कथा नावाची. लंडनचे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस, बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स ही नावे थोर आहेत, यात शंका नाही. परंतु जे नाव थोर, त्याचीच नक्कल होते. बेल्जममधील लिएज येथे एकोणिसाव्या शतकात स्वस्त बंदुकांचा प्रचंड धंदा चालत असे, आणि तेथल्या मालावर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' यांसारखी अर्धवट, फसवी नावे घालण्याची सर्रास पद्धत होती. नाव इंग्रजी दिसले तरी त्या गावच्या शासकीय परीक्षेची खूण मात्र लपत नाही: लंबवर्तुळात 'ई एल जी' ही तीन अक्षरे आणि खाली तारा, 1893 पासून त्यावर मुकुटही आला. नळ्या उतरवून त्यांच्या खालचा सपाट भाग पाहिला की ही खूण दिसते. नाव वर असते, सत्य खाली असते. आणि खरेदीदार वरचेच वाचून थांबतो.

दुसरी गोष्ट अशी की, नळीवरचे प्रत्येक नाव कारागिराचे असतेच असे नाही. कलकत्त्याचे मॅन्टन किंवा रॉडा हे मोठे व्यापारी होते. रॉडा कंपनीचे नाव तर आपल्या स्वातंत्र्येतिहासातही आहे; 26 ऑगस्ट 1914 रोजी तिच्या मालातील 50 माउझर पिस्तुले बंगालच्या क्रांतिकारकांनी लांबविली होती. अशा दुकानांतून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ दुनळ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनत आणि त्यांवर विक्रेत्याचे नाव घातले जाई. त्यांत हलके काही नाही. बर्मिंगहॅमची साधी दुनळीही प्रामाणिक असू शकते. पण दुकानदाराच्या नावाला कारागिराच्या नावाचा भाव का द्यावा? मोठ्या लंडन कारखानदारांनी आपल्या बंदुकांच्या क्रमांकांच्या वह्या ठेवल्या आहेत. नळी, मधला पोलादी साचा आणि पुढचे लाकूड या तिन्ही भागांवरचा क्रमांक एकच आहे काय, आणि तो कारखान्याच्या वहीत त्या वर्णनाशी जुळतो काय, एवढी विचारणा पत्राने करता येते. जो विक्रेता ही चौकशी होईपर्यंत थांबावयास तयार नाही, त्याच्या घाईतच उत्तर मिळाले असे समजावे.

दुसरी कथा आजोबांची. 'आजोबांनी पन्नास वर्षे हिने बार काढले, हिला काय होणार आहे?' हा युक्तिवाद न्यायालयात कोणी केला, तर न्यायाधीश विचारतील: कोणत्या दारूने? प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. एकोणिसाव्या शतकातील दुनळ्या काळ्या दारूसाठी बनल्या होत्या. बिनधुराची दारू पुढे आली. तिचा दाब नळीत निराळ्या रीतीने चढतो. इंग्लंडमध्ये बंदूक विकण्यापूर्वी ती सरकारमान्य परीक्षागृहात नेहमीहून अधिक भार घालून उडवून पाहण्याचा कायदा जुना आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 च्या कायद्याने उभे राहिले. बिनधुराच्या दारूने परीक्षा झालेल्या बंदुकीवर 1904 च्या नियमांपासून 'एन पी' ही खूण येऊ लागली. ज्या नळीवर केवळ काळ्या दारूच्या परीक्षेची खूण आहे, तिच्यात आजचे दुकानी काडतूस घालणे म्हणजे बैलगाडीच्या चाकावर मोटार चालविणे होय. आजोबांची पन्नास वर्षे येथे साक्षीला उपयोगी पडत नाहीत. उलट त्या पन्नास वर्षांत नळी झिजली असेल, हाच निष्कर्ष अधिक सरळ आहे.

झिजली हे कसे कळावे? मोजून. 'बारा बोअर' याचा अर्थ एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता एका गोळ्याचा जो व्यास, तो नळीचा व्यास, तो 0.729 इंच भरतो. जुन्या इंग्रजी बंदुकीवर परीक्षेच्या वेळचा व्यास आकड्याने ठोकलेला असतो. तेथे '12' असा आकडा असेल आणि आज काडतुसाच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजल्यास व्यास 0.740 भरत असेल, तर इंग्रजी नियमाप्रमाणे त्या बंदुकीची परीक्षा रद्द झाली. नव्याने परीक्षा होईपर्यंत तिची विक्री त्या देशात गुन्हा ठरते. आपल्याकडे तीच बंदूक 'आतून आरशासारखी' म्हणून अधिक दामाने विकली जाते! आरसा कसा झाला? गंजाचे खड्डे घालविण्यासाठी कोणी तरी नळी आतून घासली, आणि तेवढी भिंत पातळ झाली. जाणकार कारागीर भिंतीची जाडी सर्वांत पातळ जागी निदान 0.020 इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, असावी असे धरतात. अर्धा मिलिमीटर! आपला डावा हात ज्या ठिकाणी असतो, तेथे आपल्यात आणि स्फोटात एवढेच अंतर आहे. ते मोजण्याचे साधन साधे आहे. ते नसेल तर खरेदी थांबवावी, पण अंदाजाने मान डोलवू नये.

काडतुसाच्या लांबीचाही असाच सापळा आहे. जुन्या इंग्रजी दुनळीतील काडतुसाचा खण बहुधा अडीच इंचांचा, म्हणजे 65 मिलिमीटरचा असतो. आजची पुष्कळ काडतुसे 70 मिलिमीटरची असतात, आणि तीही त्या खणात सहज बसतात, कारण त्यांचे तोंड दुमडलेले असते. 70 हा आकडा तोंड उलगडल्यानंतरचा आहे. बार निघताच ते तोंड पुढल्या अरुंद भागात उघडते, वाट आवळते आणि दाब वाढतो. 'बसते म्हणजे चालते' हा न्याय येथे लावणारा माणूस आपल्या बोटांची पैज लावीत असतो.

तिसरी कथा डॅमॅस्कस नळीची. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून, पिळून, गाभ्यावर गुंडाळून आणि ठोकून या नळ्या बनत. आम्लाने त्यांवरची नागमोडी वेलबुट्टी उठून दिसते, आणि पाहणारा तिच्यावर लुब्ध होतो. येथे दोन टोकाचे पंथ आहेत. एक म्हणतो, ही नळी अलौकिक आहे. दुसरा म्हणतो, डॅमॅस्कस दिसली की ती फुटणारच. दोघेही नळीकडे न पाहता बोलतात. चांगल्या डॅमॅस्कस नळ्या बिनधुराच्या दारूच्या परीक्षेतही उतरल्या आहेत. आणि साध्या पोलादावर केवळ रंगाने वा आम्लाने खोटी वेलबुट्टी काढलेला मालही विपुल आहे. पिळलेल्या पट्ट्यांच्या सांध्यात गंज आत शिरला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही, हे मात्र खरे. म्हणून या नळीला अधिक कठोर तपासणी हवी. आरती नको आणि शापही नको.

ज्याच्याजवळ मोजमापाची साधने नाहीत, त्यालाही काही परीक्षा हाताने करता येतात. बंदूक हाती येताच प्रथम ती उघडून दोन्ही खण रिकामे असल्याची खात्री करावी. हे न करणाऱ्याने पुढचे काही करू नये. मग नळ्या सुट्या कराव्यात, खालच्या आकड्याने बोटावर लोंबत धराव्यात आणि लाकडी वस्तूने हलकेच वाजवाव्यात. देवळातील घंटेप्रमाणे नाद स्वच्छ घुमला, तर दोन्ही नळ्यांना जोडणारी पट्टी बहुधा शाबूत आहे. फुटक्या भांड्यासारखा खुळखुळ आवाज आला, तर डाख सुटला आहे. नळ्या उजेडाकडे धरून आत पाहावे: खळगा असेल तर सावलीचे वर्तुळ मोडते. बंदूक पुन्हा जोडून, पुढचे लाकूड काढून, ती हळूच हलवावी. सांध्यात खटखट जाणवली किंवा नळ्या व साचा यांमधून उजेड दिसला, तर बिजागरी झिजली आहे. तोंडाकडे पाहावे: दोन नळ्यांमध्ये वाजवीपेक्षा मोठी फट असेल, तर नळ्या कापून आखूड केल्याचा संशय घ्यावा. दस्त्याच्या मनगटाजवळ चीर आहे काय, तेल लागून लाकूड काळे व भुसभुशीत झाले आहे काय, हेही पाहावे. या परीक्षांना पाऊण तास पुरतो. मुलीसाठी स्थळ पाहावयास आपण याहून अधिक वेळ देतो, आणि विहिरीवरचा पंप घेतानाही देतो.

चौथी कथा नवेपणाची. नळ्यांना नवा काळा रंग, वेलबुट्टी पुन्हा कोरलेली, दस्त्यावर चकचकीत रोगण: अशी बंदूक 'जीर्णोद्धार केलेली' म्हणून दाखविली जाते. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. काळ्या पाषाणाच्या खांबांवर तैलरंग फासणे आणि सभामंडपात चकचकीत फरशी बसविणे याला जीर्णोद्धार म्हणणारे विश्वस्त आपण पाहिले आहेत. दोन्हीकडे पाप तेच: जे जुने होते ते गेले, आणि जे नवे आले ते खोटे. जुन्या बंदुकीचे मोल तिच्या मूळ रंगात, मूळ कोरीव रेषेत असते. अति घासलेल्या साच्यावरील रेषा बोथट होतात, खुणा पुसट होतात, आणि कधी कधी त्या पुसट व्हाव्यात हाच घासण्याचा हेतू असतो. येथे कायदाही बोलतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 8 बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखखूण पुसण्यास, बदलण्यास वा बनावट करण्यास मनाई करते. कलम 6 विनापरवाना नळी आखूड करण्यास मनाई करते. जी बंदूक खोट्या नावाने सजली आहे, ती घेणारा केवळ फसत नाही. तो फौजदारी पुरावा घरी आणतो.

आता वकिलाच्या कानावर सर्वांत अधिक येणारे वाक्य घेतो: 'ही पुरातन वस्तू आहे, हिला परवाना लागत नाही.' हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच पूर्ण असत्यापेक्षा घातक आहे. याच कायद्याचे कलम 45 कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मोलाच्या वा नादुरुस्त शस्त्राला सूट देते. परंतु जे दुरुस्त करूनही वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच शस्त्राला. अट शेवटी आहे आणि सगळे ओझे तिच्यावर आहे. ज्या दुनळीत आजही बाजारातील काडतूस बसते, ती शंभर वर्षांची असो की सव्वाशे, कायद्याच्या दृष्टीने ती बंदूक आहे. परवानाधारकाने ती दुसऱ्या परवानाधारकास विकावयाची, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. परवानाधारक वारला, तर ती बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तशी जमा केल्याने वारसाचा हक्क बुडत नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाने आलेली बंदूकही त्याच मोजणीत धरली जाते. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते, आणि मग ती परदेशी नातेवाइकाच्या सामानात घालून पाठविणे हाही गुन्हा होतो. विधवेच्या अज्ञानाचा फायदा घेऊन 'कागदपत्रांचे आम्ही पाहू' म्हणणारा मध्यस्थ यांतले एकही कलम तिला सांगत नाही.

मालाचा दोष विकणाऱ्याने झाकला, तर दाद मागता येणार नाही काय? येईल, करार कायद्यात दोष लपविण्यास कपट म्हटले आहे. पण केवळ मौन हे सामान्यतः कपट ठरत नाही, आणि 1930 चा वस्तुविक्री कायदा सर्वसाधारणपणे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत असे धरून चालतो. तोंडी सांगितलेली महाराजांची कथा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहत नाही. म्हणून बंदुकीचा कर्ता, क्रमांक, परीक्षेच्या खुणा, नळीचा व्यास, भिंतीची जाडी आणि खणाची लांबी ही सहा कलमे विक्रीपत्रात लिहून घ्यावीत. लिहिलेले वर्णन खोटे निघाले, तर कायदा घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मी आदराने घेतो. 'आम्ही ती उडविणार नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवू.' पूजेत ठेवावी. पण पूजेची तयारी काय असते? शस्त्रे बाहेर काढणे, गंज काढणे, पुसणे, तेल देणे. आपल्या पूर्वजांनी शस्त्रपूजेला वर्षातील तपासणीच जोडून दिली होती. आपण तपासणी सोडली आणि हळदकुंकू ठेवले. शमीवरून शस्त्रे उतरविणाऱ्या पांडवांना ती लढावयास हवी होती, शोभेला नव्हे. शिवाय खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असे मानणारा आपला समाज खंडित नळी देव्हाऱ्यापाशी ठेवून, तिच्यात काडतूस उरले आहे काय हेही पाहत नाही, याला श्रद्धा म्हणावयाचे काय? मुले त्याच खोलीत खेळतात. आणि पूजेतल्या बंदुकीलाही परवाना चुकत नाही.

या सगळ्यावर काहीजण सोपा उपाय सुचवितात: सर्व जुन्या बंदुका ठाण्यात देऊन वितळवून टाकाव्यात. हा उपाय पहिल्या अज्ञानाचाच जुळा भाऊ आहे. उत्तम दुनळी हे हातकामाचे असे शिखर आहे की, दोन नळ्या एकाच लक्ष्यावर जुळवावयास कारागिराचे अवघे आयुष्य शिकण्यात जाई. 1875 साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अँसन आणि डीली यांनी बंदूक उघडताच घोडे आतल्या आत चढतील अशी रचना काढली. ती आजही जगभर अनुसरली जाते. एवढी बुद्धी ज्या वस्तूत आहे, ती भट्टीत घालणे हे ग्रंथ जाळण्याच्या जातीचे कृत्य आहे. जी उडविण्यालायक नाही, तिची नळी कायद्याच्या मार्गाने कायमची निकामी करून संग्रहालयास द्यावी. जी सुस्थितीत आहे, ती योग्य परवानाधारकाच्या हाती योग्य काडतुसांसह राहावी. हे ठरविण्यासाठीच तपासणी हवी, आणि तपासणी न करता पूजणारे व तपासणी न करता वितळविणारे एकाच पंक्तीत जेवतात.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. ज्यांच्या घरी जुनी दुनळी आहे, त्यांनी येत्या दसऱ्यापूर्वी परवानाधारक कारागिराकडून तिची नळी मोजून घ्यावी, परवान्याची तारीख पाहावी, आणि घरातील दुसऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी सांगून ठेवाव्यात. ज्यांना ती विकत घ्यावयाची आहे, त्यांनी कथा अवश्य ऐकावी, तिचा आनंदही घ्यावा. पण पैसे नळीचे द्यावेत. कथेचे मोल मागणाऱ्याला नम्रपणे सांगावे की, पुराण ऐकावयास आम्ही देवळात जातो आणि तेथे दक्षिणा आमच्या इच्छेची असते.